आधी पोर, मग पंख: बुगरोचा क्युपिड ऑइलमध्ये उतरवताना

माझ्या वर्गात कुणी क्युपिड, म्हणजे रोमनांचा पंखवाला प्रेमदेव, करायला घेतला, की पहिले दोन आठवडे त्या प्रिंटवर पंखांच्या जागी मी पांढरा कागद चिकटवून ठेवते. मुलं कुरकुरतात. पंखांसाठी तर हे चित्र निवडलं, बाई, असं म्हणतात. पण पंख दिसत राहिले की हात आपोआप देव काढायला लागतो. गाल फुगतात, ओठ लाल होतात, डोळे मोठे होतात आणि कॅनव्हासवर कॅलेंडरचा बाळकृष्ण येऊन बसतो. पंख झाकले की उरतो चार-पाच वर्षांचा एक खरा मुलगा. त्याच्या हातात बाण आहे आणि तो कुणाला तरी टोचायचाच असं त्याने ठरवलंय. आधी हा मुलगा यायला हवा.

शाळेत 27 वर्षं ड्रॉइंग शिकवलं. आता सांगलीत घराच्या माडीवर शनिवार-रविवार ऑइलचा वर्ग घेते. बुगरो या फ्रेंच चित्रकाराच्या क्युपिडची नक्कल मी स्वतः तीनदा केली आहे आणि वर्गात बऱ्याच जणांकडून करून घेतली आहे. कुठे हात अडखळतो ते आता नीट कळलंय, म्हणून हे लिहून ठेवतेय.

चित्र कुठलं घ्यायचं, तेही सांगते. विल्यम-अदॉल्फ बुगरो याने क्युपिड अनेकदा रंगवला. 1886 चा 'विजयी प्रेमदेव', 1890 ची क्युपिड आणि त्याची प्रेयसी सायकी ही दोन बाळं, 1891 चा पावसात भिजलेला क्युपिड. शिकणाऱ्याला मी मात्र नेहमी 'इरॉसपासून स्वतःला वाचवणारी तरुणी' हेच चित्र देते. इरॉस म्हणजे क्युपिडच, ग्रीक नावाने. साधारण 1880 चं आहे, लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. उंची जेमतेम 82 सेंटिमीटर, रुंदी 58. तरुणी दोन्ही हातांनी इरॉसला मागे लोटतेय आणि लोटता लोटता हसतेय. मागचं रान ग्रीक पुराणातलं वाटत नाही, कारण ते नाहीच. बुगरो जिथे नेहमी रंगवायचा त्या फ्रान्सच्या खेड्याकडचा तो मुलूख आहे. संग्रहालयाने या चित्राचा मोठा, स्वच्छ फोटो सगळ्यांना फुकट उतरवून घेता येईल असा ठेवलाय. नक्कल करायची तर हीच फाइल घ्या. मोबाइलवर फिरणाऱ्या प्रतींमध्ये कातडीचा रंग कुठे शेंदरी झालेला असतो, कुठे गुलाबी.

पूर्ण चित्र करायला जाऊ नका. त्यातला एकच तुकडा घ्या: मुलाचं डोकं, खांदा, बाणाचा हात आणि पंख. 12 बाय 16 इंचाच्या कॅनव्हासवर हा तुकडा मूळ आकाराच्या जवळपास बसतो, आणि मूळ आकारात काम करण्यासारखा दुसरा गुरू नाही.

वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतंच, मदन लहान मूल कसा? आपला मदन तरुण. उसाचं धनुष्य, भुंग्यांची दोरी, पाच फुलांचे बाण. शंकराने जाळला तेव्हाही तो रतीचा नवराच होता. ग्रीकांचा इरॉससुद्धा सुरुवातीला तरुणच होता. पुढच्या काळात तो लहान होत गेला आणि रोमनांपर्यंत येईतो व्हीनसचं खोडकर पोर झाला. रोमन कवी ऑव्हिडने त्याला दोन तऱ्हेचे बाण दिले, प्रेमात पाडणारा सोन्याचा आणि प्रेम घालवणारा शिशाचा. हे माहीत असलं की बाणाच्या टोकावर काम करताना हात जरा जपून चालतो.

बुगरोबद्दलही थोडं माहीत हवं. जन्म 1825, ला रोशेल या बंदराच्या गावी. पॅरिसच्या एकोल दे बोझार् या कलाशाळेत शिकला, 1850 मध्ये रोमला शिकायला पाठवणारं प्री द रोम हे बक्षीस मिळवलं आणि रोमला जाऊन जुन्या चित्रांच्या नकला करत बसला. पुढे पॅरिसच्या अकादेमी ज्युलियाँ या खाजगी कलाशाळेत त्याने शिकवलं. त्याच्याच काळातला चित्रकार देगा आणि त्याच्या मित्रांमध्ये गुळगुळीत, बेतलेल्या रंगकामाला 'बुगरोते' असा टोमणा होता. तो टोमणा मी मुलांना सांगते, आणि दुसरी गोष्टही सांगते. बुगरोच्या पाच मुलांपैकी चार त्याच्या डोळ्यांदेखत गेली. 1875 मध्ये सोळा वर्षांचा मुलगा गेला. 1877 मध्ये बायको आणि तिच्यामागे दोन महिन्यांत तान्हं बाळ. आपलं चित्र त्यानंतर तीन वर्षांनी झालेलं आहे. लहान मुलाचा दंड हाताला कसा लागतो हे या माणसाला माहीत होतं, एवढं मनात ठेवा आणि ब्रश उचला.

सामान फार लागत नाही. टायटॅनियम व्हाइट, यलो ओकर, कॅडमियम रेड, अलिझरिन क्रिमझन, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, कोबाल्ट ब्लू, आयव्हरी ब्लॅक. हिरवट मातीचा टेर व्हर्त मिळाला तर घ्या, कातडीच्या राखाडीला फार छान. बुगरो शिशाचा पांढरा वापरायचा. तो विषारी आहे, घरात आणू नका. जवसाचं तेल, टर्पेंटाइन, दोन ब्रिसल, तीन मऊ गोल ब्रश. पंख्यासारखा पसरलेला फॅन ब्रश मुद्दाम सांगत नाही, तो घरीच राहू दे. तयार कॅनव्हास घेतलात तर कोपऱ्यावर थोडा पातळ रंग लावून बघा. मी एकदा दुकानातून दहा कॅनव्हास एकदम आणले, तर ते टीपकागदासारखे तेल पिऊन टाकत होते आणि दुसऱ्या दिवशी रंग मेल्यासारखे दिसत होते. असा निघाला तर प्रायमरचा एक हात द्या, वाळल्यावर बारीक पॉलिशपेपर फिरवा.

आता रेखाटन. बुगरो थेट कॅनव्हासवर कधी जात नसे. आधी लहान कच्ची रेखाटनं, मग रंगाचा छोटा आराखडा, मग डोकी, हात, कपड्यांच्या चुण्या यांचे वेगवेगळे अभ्यास, मग चित्राच्या मापाचं पूर्ण रेखाटन, आणि ते कॅनव्हासवर उतरवून घ्यायचं. तेव्हा ट्रेसिंगची लाज बाळगू नका, पण आधी नजरेने एक तरी रेखाटन पूर्ण करा. डोक्याची उंची मोजा आणि अर्ध्यावर खूण करा. मोठ्या माणसाचे डोळे त्या खुणेवर येतात, लहान मुलाचे खुणेच्या खाली. कपाळ वाटतं त्यापेक्षा मोठं, नाक आखूड, हनुवटी मागे. नवशिक्याचा क्युपिड बुटका म्हातारा दिसतो तो इथेच. नाक अर्धा सेंटिमीटर लांबलं की वय दहा वर्षांनी वाढतं.

रेखाटन पातळ कागदावर उतरवा, कागदाच्या मागे रॉ अंबर बोटाने पुसट चोळा आणि कॅनव्हासवर ठेवून गिरवा. कार्बन पेपर नको, त्याची निळी रेघ कातडीच्या फिक्या रंगातून डोकावत राहते.

पहिला थर फक्त रॉ अंबर आणि टर्पेंटाइन. चहासारखा पातळ. ब्रशने लावा, चिंधीने पुसा. उजेडाच्या जागी कॅनव्हास उघडा दिसू दे, सावलीत दोनदा चोळा. एका बैठकीत संपवा. हे चित्र म्हणजे अंबरमधला फोटोच, असं वाटलं पाहिजे. प्रिंटची एक काळी-पांढरी प्रत शेजारी लावा आणि डोळे बारीक करून दोन्ही ताडून बघा. अंबर लवकर वाळतो, उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी पुढे जाता येतं. पावसाळ्यात आमच्याकडे तीन-तीन दिवस धरायला लागतात.

आणि आता कातडी. सगळा जीव इथेच आहे, त्यामुळे इथे घाई नको.

पॅलेटवर तीन ढीग करा. उजेडाचा: पांढरा, ओकर आणि टाचणीच्या डोक्याएवढा कॅडमियम रेड. सावलीचा: बर्न्ट सिएना, थोडा अलिझरिन, थोडा अंबर, आणि पांढरा अजिबात नाही. मधला ढीग सगळ्यात महत्त्वाचा: उजेडाच्या रंगातच टेर व्हर्त किंवा काळ्या-पांढऱ्याची राखाडी मिसळून केलेला, पॅलेटवर आजारी दिसणारा रंग. मुलं हा ढीग बघून नाक मुरडतात. पण गालाचा गुलाबी गुलाबी दिसतो तो शेजारच्या या राखाडीमुळे. तो ढीग टाळला की गुलाबीवर गुलाबी चढत जातो आणि बाळाच्या जागी साबणाच्या जाहिरातीतलं तोंड येतं. मऊपणा पांढऱ्या चमकीत नाही, या मधल्या पट्ट्यात आहे.

त्या चित्रात मागे उघडं रान आहे, तरी अंगावरचा उजेड स्टुडिओतला, मऊ आहे. अशा उजेडात उजळ भाग किंचित गार आणि सावली उबदार येते. मधल्या पट्ट्यावर निळसर-हिरवट छटा. ती छटा निळ्या रंगाने काढायची गरज नसते. चुलीचा धूर काळ्या भिंतीसमोर निळसर दिसतो ना, तसंच इथे होतं. वाळलेल्या गडद थरावर फिका रंग अगदी पातळ, कोरड्या ब्रशने चोळला की तो आपोआप निळसर राखाडी दिसतो. जबड्याच्या कडेला, कानशिलावर, दंड वळतो तिथे हे करून बघा. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी ब्रश खाली ठेवून नुसती बघत बसले होते.

लाल कुठे ठेवायचा ते शिकायला प्रिंट पुरत नाही, जिवंत मूल लागतं. माझा नातू चार वर्षांचा असताना एकदा माडीच्या पूर्वेच्या खिडकीत पाठमोरा बसून पेरू खात होता. ऊन मागून येत होतं आणि त्याचे दोन्ही कान आतून दिवा लावल्यासारखे लाल झाले होते. पाळीची कड नारिंगी, आतली वळी गडद लाल, आणि कानामागचा गळा मात्र गार, जवळजवळ राखाडी. त्याच बैठकीत मी पेरू धरलेली बोटंही बघितली. पेराच्या सुरकुत्या लालसर, नखाजवळ गुलाबी, पंजाची पाठ फिकी आणि बोटं संपतात तिथे चार खळ्या. मोठ्या माणसाच्या हाताला जिथे सांध्याचं हाड वर येतं, तिथे मुलाच्या हाताला खळी पडते. बुगरोची मुलं पुन्हा बघा: बोटांची टोकं, कोपरं, गुडघे, कान बाकी अंगापेक्षा लालसर आहेत. त्याने हे कुठल्या मूर्तीवरून घेतलेलं नाही. क्युपिडचा बाणाचा हात रंगवताना घरातल्या कुठल्याही पोराच्या हातात पेन्सिल द्या आणि पाच मिनिटं बघा. पोर पाच मिनिटं बसणार नाही, पण दोनही पुरतात.

रंग ठेवताना तुकड्या-तुकड्याने ठेवा. उजेड, मधला, सावली शेजारी शेजारी, कडा एकमेकींना लागलेल्या. मग स्वच्छ मऊ ब्रशने फक्त जोड हलकेच मोडा, तोही प्रत्येक ठिकाणी नाही. नाकाच्या सावलीची कड जरा घट्ट, गालाची सैल, केस आणि कपाळ भेटतात तिथे सगळ्यात सैल. फॅन ब्रश फिरवला की सगळ्या कडा सारख्या होतात, आणि देगाचा टोमणा आपल्याला लागू होतो. बुगरोला तो पूर्णपणे लागू होतो असं मला वाटत नाही. तुकडा मोठा करून बघा, त्याच्या कडा जागोजागी वेगळ्या आहेत.

दुसऱ्या थरानंतर थांबा. थर वाळल्याशिवाय ग्लेझ, म्हणजे तेलात पातळ केलेल्या पारदर्शक रंगाचा हात, द्यायचा नाही. माझ्या पहिल्या नकलेत मी जुलै महिन्यात, चौथ्याच दिवशी गालावर अलिझरिनचा ग्लेझ दिला, तोही तेल भरपूर घालून. वरून आरशासारखा सुंदर दिसला. आठवड्याने बघते तर दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या. खाली ओला रंग, वर तेलाची कातडी. तीन आठवड्यांचं तोंड पॅलेट नाइफने खरवडून काढलं. खालच्या थरात तेल कमी, वरच्या थरात किंचित जास्त, हा नियम तेव्हापासून माडीच्या भिंतीवर लिहून ठेवलाय. ग्लेझ द्यायचाच तर बोटाने चोळा आणि निम्मा पुसून काढा. वाळलेला थर कोरडा-मेलेला वाटला तर पुढचं काम सुरू करण्याआधी तेलाचा थेंब तळहाताने चोळून चिंधीने टिपून घ्या, रंग पुन्हा जागे होतात.

त्या तेलकट चिंध्यांचे बोळे करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा स्वतःहून पेटू शकतो. चिंध्या उघड्या पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या डब्यात टाका.

चेहरा आणि हात उभे राहिले की पंखांवरचा कागद काढा.

पंख कुठून फुटतो, हे आधी ठरवा. स्वतःच्या मैत्रिणीच्या पाठीवर खांद्याचं पातं हाताने शोधा आणि तिला हात वर-खाली करायला सांगा. पातं सरकतं. पंखाचं मूळ त्याच्या आतल्या कडेला धरा आणि तिथे कातडी थोडी ताणलेली, सावली थोडी खोल ठेवा. पिसं एकदम सुरू होत नाहीत. आधी लव, मग बारीक पिसं. हा सांधा चुकला तर गॅदरिंगमधल्या पुठ्ठ्याच्या पंखांसारखं दिसतं.

खिडकीत पडलेलं कबुतराचं एक पीस घ्या. माझ्याकडे एक आहे, पॅलेटच्या डब्यातच ठेवते. बोटाएवढं लांब, देठ मधोमध नाही, एका बाजूला. एक बाजू अरुंद आणि ताठ, ती उडताना वाऱ्याला कापते. दुसरी रुंद आणि मऊ, ती शेजारच्या पिसाखाली जाते. बुडाशी राखाडी लव, जी पंखात कधी दिसतच नाही. एका जागी दाते सुटून खाच पडली आहे, बोटाने सरळ केली की पुन्हा जुळते. पंख रंगवताना अशा दोन-तीन खाचा ठेवा, तेवढ्याने पंख वापरातला वाटतो. कबुतराच्या पंखाच्या टोकाला दहा मोठी पिसं असतात, त्यामागे मधली, आणि वर कौलांसारखी एकावर एक चढलेली छोटी. आधी या तीन पट्ट्या सपाट टोनमध्ये टाका. एकेक पीस मोजत बसू नका. पट्टीचा उजेड-सावलीचा उतार बरोबर आला की मग टोकाकडची चार-पाच पिसं नीट काढायची, बाकीची नुसती सुचवायची.

पंख पांढरे म्हणून ट्यूबमधला पांढरा लावायची चूक सगळेच करतात. एका जाड कागदाला पंचने भोक पाडा आणि तो प्रिंटवर सरकवत जा. भोकातून एकटा दिसणारा रंग पॅलेट नाइफच्या टोकावर जुळवा आणि प्रिंटला लावून बघा. पांढऱ्यात किती राखाडी, किती ओकर, किती कातडीचा उजेड उतरलाय ते पाहून माझ्या वर्गातली एक दहावीची मुलगी म्हणाली, बाई, यात पांढरा आहेच कुठे? त्या दिवसापासून तिचं रंगकाम बदललं. कातडीजवळची पिसं अंगाचा उबदारपणा उचलतात, टोकाकडची मागच्या रानाचा रंग. ट्यूबचा शुद्ध पांढरा दोन-तीन ठिकाणीच, तांदळाच्या दाण्याएवढा.

मागची झाडी पंखाबरोबर एकाच बैठकीत रंगवा. पंख पूर्ण वाळल्यावर भोवती हिरवा भरला तर कड कात्रीने कापल्यासारखी येते. दोन्ही ओले असताना कोरडा ब्रश टोकावरून एकदाच फिरवा.

बाण सगळ्यात शेवटी, एका दमात. हात टेकायला काठी घ्या, श्वास धरून रेघ ओढा. वाकडी आली तर पुसून पुन्हा, पण दुरुस्त करत बसू नका.

चित्र आरशात बघा. डोळे वरखाली असतील तर तिथे लगेच कळतं. मग भिंतीकडे तोंड करून आठवडाभर ठेवा.

वार्निश सहा महिन्यांनी. नकलेवर पुढे सही करू नका. मागे, लाकडी चौकटीवर लिहा: बुगरोच्या चित्रातील भागावरून अभ्यास, तुमचं नाव, तारीख. माझी तिसरी नक्कल माडीवर जिन्याच्या तोंडाशी टांगली आहे. नातू आता अकरा वर्षांचा आहे, त्या बोटांकडे बोट दाखवून प्रत्येक पाहुण्याला सांगतो की हा हात माझा आहे.